लिनक्स मिंट टाकलं, सगळं चाललं, फक्त वायफाय गायब. डोंगल घेऊ की आतलं कार्डच चालू होईल?

वाचनवेडी_देवरूख

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात मुलांना वापरायला म्हणून गावातल्या आणि मुंबईकर चाकरमान्यांनी दिलेले जुने लॅपटॉप आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ह्यातला एकही विंडोज ११ ला पात्र नाही, प्रोसेसर जुने आहेत, म्हणून सगळ्यांवर लिनक्स मिंट २२ टाकायला घेतलं. बाकीचे लॅपटॉप पहिल्याच फटक्यात वायफायला जोडले गेले, एक मात्र अडून बसलाय. स्क्रीन, आवाज, कॅमेरा, मराठी टायपिंग सगळं झकास, पण कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या खुणेवर टिचकी मारली की वायफाय हा शब्दच दिसत नाही. नेटवर्कची यादी रिकामी आहे असंही नाही, ते बटणच नाहीये.

नेटवर सल्ले शोधले तर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आज्ञा. एक जण म्हणतो हे पॅकेज काढा, दुसरा म्हणतो तेच टाका. राउटर बाहेरच्या खोलीत, केबल तिथपर्यंत पोचत नाही. वाचनालयाकडे पैसे बेताचे आहेत, पण गरजच असेल तर डोंगल घेऊ. आधी आतलं कार्ड चालू होईल का ते मला समजून घ्यायचंय, कारण अजून असेच दोन-तीन लॅपटॉप येणार आहेत आणि दर वेळी डोंगल घेणं परवडणार नाही.

लॅमिंग्टनकर

ताई, सरळ यूएसबी डोंगल घ्या, काही शे रुपयांत काम होतं. वेळ वाचवा.

सातारी_टर्मिनल

थांबा ताई, डोंगल नको एवढ्यात. आधी आत कोणती चिप आहे ते सांगा. लॅपटॉपचं मॉडेल नकोय, चिप हवीये, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी वायफाय कार्डं घालतात.

टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय ही आज्ञा द्या, पुढे जागा सोडून डॅश आणि त्याला चिकटून एनएनके. (आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजी लिपीत लहान अक्षरांत टाका.) जे काही येईल त्यात नेटवर्क कंट्रोलर अशी ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन छोटे आकडे असतात, मध्ये अपूर्णविराम. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा चिपचा. ती ओळ आणि तिच्या खालच्या दोन ओळी इथे टाका. ह्या दोन आकड्यांशिवाय दिलेला कुठलाही सल्ला अंदाजपंचे असतो, आणि तुम्हाला नेटवर जे उलटसुलट सल्ले दिसले ते बहुतेक आपापल्या चिपपुरते बरोबरच असतील.

कोल्हापुरी_कर्नल

पेंग्विनला पंख आहेत, पण हवेतून जायचं म्हटलं की ड्रायव्हर लागतो :)

सातारीभाऊंना अनुमोदन. आणखी एक, आरएफकिल लिस्ट ही आज्ञा पण देऊन बघा. त्यात सॉफ्ट ब्लॉक्ड किंवा हार्ड ब्लॉक्डपुढे येस आलं तर चिप, ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) सगळं ठीक असूनही वायफाय बंद असतं. सॉफ्ट असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय म्हटलं की सुटतं. हार्ड असेल तर बाजूला एखादी सरकवायची कळ, वरच्या ओळीतलं अँटेनाचं बटण किंवा बायोसमधली सेटिंग बघायची. पण त्या यादीत वायरलेस लॅन अशी ओळच नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा आहे.

नागपुरी_संत्रा

@लॅमिंग्टनकर, डोंगलचा सल्ला देताना कोणता डोंगल तेही सांगा ना. डोंगललाही ड्रायव्हर लागतोच! खोक्यावर 'लिनक्स सपोर्ट' छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात कंपनीच्या साइटवर कुठल्यातरी जुन्यापुराण्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) लिहिलेला सोर्स कोड ठेवलेला असतो, तो आजच्या कर्नलवर कंपाइलसुद्धा होत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती, ती लिनक्सवर लावल्या लावल्या चालते. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच, आतलं सगळं वेगळं. नेटवरचे जुने लेख मात्र अजून पहिल्या आवृत्तीचं कौतुक करत असतात आणि माणूस ते वाचून दुकानात जातो. पेटीवर देवगड छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचाच असतो असं नाही, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार!

लॅमिंग्टनकर

@नागपुरी_संत्रा मुद्दा मान्य. मी दुकानातच काम करतो म्हणून नीट सांगतो. गिऱ्हाईक लिनक्सचं असेल तर आम्ही मीडियाटेकची एमटी७६०१यू चिप असलेला छोटा डोंगल देतो, तिचा ड्रायव्हर कर्नल ४.२ पासून, म्हणजे २०१५ पासून आतच आहे. फक्त २.४ गिगाहर्ट्झ चालतो. दोन्ही बँड हवे असतील तर एमटी७६१२यू, तो कर्नल ४.१९ पासून. दुकानात गेल्यावर ब्रँड विचारण्यापेक्षा चिप विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर आपला लॅपटॉप बरोबर न्या, डोंगल तिथेच लावून एलएसयूएसबी (लावलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी आज्ञा) करा आणि चालला तरच पैसे द्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ह्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, ऑनलाइन मात्र ही सोय नाही.

गोंयकार_मडगाव

डेबियनवाल्यांसाठी एक जोड देतो, कारण बरेच जण मिंटसोबत डेबियन हे दुसरं लिनक्स पण टाकून बघतात. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये पूर्वी बंद फर्मवेअर (चिपच्या आत चढवायचं, कोड न दिलेलं सॉफ्टवेअर) नसायचं, त्यामुळे इंटेलच्या कार्डवरसुद्धा इन्स्टॉल करताना "फर्मवेअर फाईल द्या" म्हणून अडायचं आणि दुसरा पेनड्राइव्ह शोधावा लागायचा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदललं आणि जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. तेव्हा जुने लेख वाचून वेगळ्या आयएसओ (इन्स्टॉलरच्या फाईल) शोधत बसू नका.

वाचनवेडी_देवरूख

सगळ्यांचे आभार, एवढ्या लवकर एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. सातारीदादा, ही घ्या ती ओळ:

नेटवर्क कंट्रोलर: ब्रॉडकॉम, बीसीएम४३१४२, ८०२.११बी/जी/एन, [१४ई४:४३६५]
कर्नल ड्रायव्हर इन यूज: बीसीएमए-पीसीआय-ब्रिज
कर्नल मॉड्यूल्स: बीसीएमए

आरएफकिलमध्ये फक्त ब्लूटूथची ओळ आली, वायरलेस लॅनची नाही. पण इथे 'ड्रायव्हर इन यूज' लिहिलंय म्हणजे ड्रायव्हर आहे ना? मग वायफाय का नाही?

सातारी_टर्मिनल

उत्तम, आता बोलता येईल.

बीसीएमए दिसतोय तो वायफायचा ड्रायव्हर नाही. ब्रॉडकॉमच्या चिपमध्ये आत स्वतःची एक बस असते, तिच्याशी बोलणारा तो मधला थर आहे. त्याच्यावर खरा वायफाय ड्रायव्हर बसायला लागतो आणि तुमच्या चिपसाठी तो कर्नलमध्ये नाहीये. बी४३ नावाचा खुला ड्रायव्हर ब्रॉडकॉमच्या बऱ्याच जुन्या चिप चालवतो पण ४३१४२ नाही. बीआरसीएमएसमॅकही नाही. ह्या चिपला एकच पर्याय, ब्रॉडकॉमने स्वतः दिलेला डब्ल्यूएल नावाचा ड्रायव्हर. त्याचा आतला मोठा भाग आधीच कंपाइल करून दिलेला बंद बायनरी आहे आणि त्याभोवतीचं कर्नलशी जोडणारं आवरण आपल्या मशीनवर कंपाइल होतं.

आता पायऱ्या. आधी नेट हवं. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन साध्या वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. बहुतेक फोनवर फोन वाचनालयाच्या वायफायला जोडून ठेवला तर तेच वायफाय केबलमधून पुढे जातं, म्हणजे डेटा पॅकही खर्च होत नाही. फक्त चार्जिंगपुरती असलेली केबल घेऊ नका, ती चालणार नाही.

मग मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. त्यात ब्रॉडकॉमचा पर्याय दिसला तर तो निवडून अप्लाय करा. दिसला नाही तर आधी सुडो अ‍ॅप्ट अपडेट, मग सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल आणि पुढे ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस. हे पॅकेज कंपाइल व्हायला थोडा वेळ घेतं, मध्ये बंद करू नका. बी४३, एसएसबी, बीसीएमए ही जी मॉड्यूल्स (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हरचे तुकडे) आडवी येतात त्यांना ते स्वतःच काळ्या यादीत टाकतं. झालं की लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

बी४३ च्या फर्मवेअरची पॅकेजेस टाका असं कुठे वाचलं असेल तर तुमच्या चिपसाठी टाकू नका, काही उपयोग नाही. नेटवरचा गोंधळ बहुतेक इथूनच येतो, ब्रॉडकॉम एवढंच वाचून लोक दोन्ही टाकतात.

जुना_पेंग्विन

ब्रॉडकॉमचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. ही मंडळी बी४३ एवढं सहज म्हणतात पण त्यामागे केवढे कष्ट आहेत ते नव्या मुलांना माहीत असावं म्हणून लिहितो.

२००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय असणं सर्रास झालं. लिनक्सवाल्यांची मात्र पंचाईत, कारण ब्रॉडकॉम चिपची माहितीच देत नव्हती. तेव्हा एनडीआयएसरॅपर नावाची युक्ती होती, विंडोजचा ड्रायव्हर उचलायचा आणि लिनक्सच्या कर्नलला तो गिळायला लावायचा. चालायचंही, पण कर्नल कोसळला तर कारण शोधणं अशक्य.

मग काही लोकांनी ठरवलं की चिपच उलगडायची. एका गटाने मूळ ड्रायव्हरचं वर्तन तपासून चिपचं वर्णन लिहून काढलं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न बघता फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. दोन गट वेगळे ठेवले ते कायद्याच्या दृष्टीने कोणी नक्कल म्हणू नये म्हणून. त्यातून बीसीएम४३एक्सएक्स हा ड्रायव्हर २००६ च्या जूनमध्ये कर्नल २.६.१७ सोबत आला आणि त्याचा पुढचा अवतार बी४३ हा जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ सोबत. तरी एक अडचण उरलीच. चिपच्या आत चढवायचं फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हती, म्हणून एफडब्ल्यूकटर नावाचं छोटं साधन लिहिलं गेलं जे कंपनीच्या ड्रायव्हरच्या फाईलमधून फर्मवेअर कापून काढायचं. आणि ती फाईल उतरवायला नेट लागायचं! सायबर कॅफेत पेनड्राइव्ह घेऊन जाणारे आम्ही लोक ते.

ब्रॉडकॉमने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, पण ठराविक चिपसाठी. ४३१४२ त्यात कधीच आली नाही. सातारी, तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे बाळा.

कोल्हापुरी_कर्नल

काका दंडवत! वाचनखूण साठवली. ते दोन गटांचं माहीतच नव्हतं.

मुक्तस्रोत

माझा वेगळा मुद्दा आहे आणि तो कुणाला आवडणार नाही, तरी मांडतो. वाचनालय ही सार्वजनिक जागा आहे. तिथे मुलांसमोर खुली प्रणाली ठेवायची आणि तिच्या पोटात बंद ड्रायव्हर घालायचा हे मला पटत नाही. डब्ल्यूएलची शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१ ही २०१५ ची आहे. त्यानंतर ब्रॉडकॉमने नवी काढलेली नाही. आज तो चालतो कारण डेबियन आणि उबंटूचे स्वयंसेवक दर नव्या कर्नलसाठी त्याच्या आवरणाला ठिगळं लावतात. आतल्या बायनरीत सुरक्षेचा दोष निघाला तर जगात कोणीही तो दुरुस्त करू शकत नाही, ज्यांच्याकडे कोड आहे ते लोक सोडून.

त्यापेक्षा कार्ड बदला. अ‍ॅथेरॉसची एथ९के ड्रायव्हरवर चालणारी जुनी कार्डं वापरलेल्या मालात स्वस्त मिळतात आणि त्यांना फर्मवेअरची फाईलही लागत नाही. मघाशी ज्या एआर९२७१ डोंगलचा विषय निघाला त्याचं तर फर्मवेअरसुद्धा खुलं आहे.

नागपुरी_संत्रा

@मुक्तस्रोत, तुमचा सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, तो मी खोडणार नाही. पण मग इंटेलचं काय? ड्रायव्हर खुला, फर्मवेअर बंदच. रास्पबेरी पाय ३ मध्येही ब्रॉडकॉमचीच चिप आहे, ती बीआरसीएमएफमॅक ह्या खुल्या ड्रायव्हरवर चालते आणि फर्मवेअर तिथेही बंद. तुमच्या नियमाने गेलं तर शाळांमधल्या निम्म्या वस्तू बंद ठेवाव्या लागतील. मुलांना आज विकिपीडिया उघडायचाय. ड्रायव्हर टाका, वापरायला द्या, पैसे जमले की कार्ड बदला, दोन्ही होऊ शकतं.

मुक्तस्रोत

@नागपुरी_संत्रा फरक आहे. फर्मवेअर चिपच्या आत चालतं, डब्ल्यूएलची बायनरी कर्नलच्या आत चालते, तिला सगळ्या मेमरीचा हात पोचतो. तरी "दोन्ही होऊ शकतं" हे मला मान्य. आज टाका, पण बदलायचं डोक्यात ठेवा एवढंच माझं म्हणणं.

वाचनवेडी_देवरूख

फोन जोडून नेट आलं! ड्रायव्हर मॅनेजरमध्ये काही दिसलं नाही म्हणून अ‍ॅप्टने टाकलं. मध्ये एका निळ्या-करड्या चौकटीने पासवर्ड ठरवायला सांगितला, ठरवला. पुन्हा सुरू केल्यावर निळा पडदा आला होता, पण मी मुलांना पुस्तकं देत होते तेवढ्यात तो आपोआप गेला आणि मिंट उघडलं. वायफाय अजून नाही. मॉडप्रोब डब्ल्यूएल (ते मॉड्यूल चढवायची आज्ञा) करून बघितलं तर "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असं येतंय. पासवर्ड चुकला का?

सातारी_टर्मिनल

नाही ताई, तुम्ही अगदी शेवटच्या पायरीवर आहात. हे सिक्युअर बूट आहे. ते चालू असलं की कर्नल फक्त ओळखीच्या सहीची मॉड्यूल्स आत घेतो. तुमचं मॉड्यूल तुमच्याच मशीनवर तयार झालं, त्यावर तुमच्याच मशीनच्या किल्लीची सही आहे, पण ती किल्ली फर्मवेअरला अजून माहीत करून दिलेली नाही. तो निळा पडदा त्यासाठीच होता, तो काही सेकंदच थांबतो.

परत आणायचा तर मॉकयूटिल ही आज्ञा सुडोसकट द्यायची, पुढे डॅश डॅश इम्पोर्ट, आणि त्यापुढे मॉक किल्लीच्या (म्हणजे तुमच्या मशीनच्या त्याच किल्लीच्या) फाईलचा पत्ता. मिंट-उबंटूमध्ये ती व्हार, लिब, शिम-साइन्ड, मॉक ह्या फोल्डरमध्ये आहे, फाईलचं नाव मॉक मोठ्या अक्षरांत आणि शेपूट डॉट डीईआर. एक पासवर्ड विचारेल, साधा आणि फक्त आकड्यांचा ठेवा कारण निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. मग रीस्टार्ट करून तिथेच बसून राहा. पडदा आला की कुठलंही बटण दाबा, एनरोल मॉक, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. हा पासवर्ड एकदाच लागतो.

लॅमिंग्टनकर

एवढं करण्यापेक्षा बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करून टाका की. दुकानात आम्ही तेच करतो.

गोंयकार_मडगाव

बंद केलं तर चालेल, पण सार्वजनिक लॅपटॉप आहे, दहा जण हाताळणार, पेनड्राइव्ह लावणार. किल्ली नोंदवायला पाच मिनिटं लागतात आणि नंतर दर कर्नलच्या वेळी तीच किल्ली चालते. मी तरी ताईंना चालूच ठेवा म्हणेन.

राईनकाठी

ड्युसेलडॉर्फहून. थोडं अवांतर, पण वायफाय "गायब" असण्याचं एक कारण इथे कोणी लिहिलं नाही म्हणून टाकतोय. माझी मावसबहीण अमेरिकेतून पुण्याला राहायला आली. तिच्या लिनक्स लॅपटॉपवर शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसायची, फक्त घरचंच दिसायचं नाही, आणि फोनवर मात्र घरचं व्यवस्थित. सगळे ड्रायव्हरच्या मागे लागले होते. कारण निघालं चॅनेल. राउटरने स्वतःहून १३ नंबरचं चॅनेल पकडलं होतं, जे भारतात आणि इथे जर्मनीत चालतं, पण अमेरिकेच्या नियमात लॅपटॉप ११ च्या वर ऐकतच नाही. आयडब्ल्यू रेग गेट म्हटल्यावर देश यूएस दिसला. आयडब्ल्यू रेग सेट आणि पुढे आयएन केल्यावर नेटवर्क लगेच दिसलं. काही कार्डं, विशेषतः इंटेलची नवी, देश स्वतःच ठरवतात आणि ही आज्ञा मानत नाहीत, तिथे सोपा उपाय म्हणजे राउटरला १, ६ किंवा ११ वर बांधून टाकायचं.

विदर्भी_विंडोज

माझ्याकडे लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहेत. विंडोज बंद करून लिनक्स उघडलं की कधीकधी वायफाय नसतं, पण विंडोजमधून रीस्टार्ट केलं तर असतं. हे काय गौडबंगाल?

कोल्हापुरी_कर्नल

@विदर्भी_विंडोज, फास्ट स्टार्टअप. विंडोज शटडाउन म्हणतं तेव्हा खरंतर कर्नल अर्धवट झोपवून ठेवतं आणि काही कार्डं त्या अवस्थेतून लिनक्सला हाती लागत नाहीत. रीस्टार्टमध्ये पूर्ण बंद होतं म्हणून चालतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्समधून काही लिहिता येत नसेल तर तेही ह्यानेच सुटेल.

विदर्भी_विंडोज

सुटलं!! दोन्ही सुटलं. धन्यवाद भाऊ.

वाचनवेडी_देवरूख

झालं झालं झालं! ह्या वेळी पडद्यासमोर बसून होते, एनरोल केलं आणि मिंट उघडताच सगळी नेटवर्कं दिसली. मुलांनी पहिल्यांदा काय शोधलं असेल तर देवरूखचा पाऊस किती. सातारीदादा, तुमचे किती आभार मानू.

आता पुढचे प्रश्न. एक, आमच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क ह्या लॅपटॉपवर दिसत नाही, बाकीच्यांवर दिसतं. दोन, मुक्तस्रोत ह्यांनी लिहिलं ते वाचून काळजी वाटतेय, अपडेट आल्यावर हे बंद पडेल का? आणि ब्लूटूथचा माऊस जोडता येईना.

सातारी_टर्मिनल

अभिनंदन ताई! मुलांना सांगा पावसाचं उत्तर बाहेर बघून द्यायचं :)

५ गिगाहर्ट्झ दिसणार नाही कारण ही चिप फक्त २.४ वाली आहे, तिथे काही करण्यासारखं नाही. आणि डब्ल्यूएल ड्रायव्हर डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) करत नाही, म्हणून राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ असं कधी ठेवू नका, डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र ठेवा. नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही जोडणार नाही आणि उगाच ड्रायव्हर परत परत टाकत बसाल.

अपडेटचं असं. नवीन कर्नल आला की डीकेएमएस आपोआप मॉड्यूल परत कंपाइल करतं, त्यासाठी त्या कर्नलची हेडर पॅकेजेस लागतात, मिंटमध्ये ती सोबतच येतात. ६.८ च्या मालिकेतली नेहमीची अपडेट बिनधास्त घ्या. पण अपडेट मॅनेजरमधून कर्नलची पुढची मालिका केवळ नवी आहे म्हणून घेऊ नका, ह्या एका लॅपटॉपवर तरी नको. ठिगळं तिथपर्यंत पोचलेली असतातच असं नाही. ६.८ ला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, तोवर तो लॅपटॉप आपलं आयुष्य जगून घेईल. कधी अपडेटनंतर वायफाय गेलंच तर सुरू होताना ग्रबमध्ये (सुरुवातीच्या निवडीच्या यादीत) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा, वायफाय परत येईल, मग इथे येऊन लिहा.

ब्लूटूथला वेगळी फर्मवेअर फाईल लागते, एचसीडी शेपटीची, आणि ती मिंटसोबत येत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत) बीसीएम४३१४२ए० असं काहीतरी सापडलं नाही म्हणून ओळ असेल. माझं मत विचाराल तर सार्वजनिक लॅपटॉपला वायरचा माऊस बरा, सेलही लागत नाहीत आणि हरवतही नाही.

मुक्तस्रोत

ताई, चालू झालं ह्याचा आनंद आहे, मनापासून. कार्ड बदलायचं झालं तर दोन गोष्टी आधी बघा. मागचं झाकण उघडून कार्ड कोणत्या आकाराचं आहे ते पाहा, जुन्यांत अर्ध्या उंचीचं मिनी पीसीआय एक्सप्रेस असतं, नंतरच्यांत एम.२. दोन्हींच्या अँटेनाच्या तारांची टोकंही वेगवेगळ्या मापाची असतात. दुसरं म्हणजे काही कंपन्यांनी त्या काळात बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी घातली होती, यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होत नाही. म्हणून त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कोणती कार्डं दिलीत ते बघून त्यातलंच इंटेल किंवा अ‍ॅथेरॉस शोधा.

नागपुरी_संत्रा

+१. आणि नवीन कार्ड घेणाऱ्यांसाठी, इंटेलचं एएक्स२१० बहुतेक एम.२ वायफाय खाचांत चालतं, एएमडीवरसुद्धा. एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका, ती अर्धवट कार्डं आहेत, उरलेला अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असतो. फोटोत अगदी एकसारखी दिसतात.

आणि हो, अजून लॅपटॉप येणार आहेत म्हणालात ना? मिंटचा पेनड्राइव्ह लावून इन्स्टॉल न करता तसंच चालवा आणि वायफाय, ब्लूटूथ, आवाज तिथेच तपासा. देणारी मंडळी समोर असतानाच कळतं कुठे अडणार आहे ते.

पनवेलची_मैना

धागा पूर्ण वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. उबंटू आहे, इंटेलचं कार्ड, वायफाय जोडलेलं राहतं पण काही वेळ हात लावला नाही की पान उघडायला खूप वेळ घेतं, मग सुरळीत. बॅटरीवर जास्त.

कोल्हापुरी_कर्नल

@पनवेलची_मैना, पॉवर सेव्ह असावं. इटीसी फोल्डरमध्ये नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ.डी, त्यात डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाईल. आत वायफाय.पॉवरसेव्ह बरोबर ३ असेल, त्याचं २ करा आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी जास्त खाईल.

पनवेलची_मैना

फरक पडला, आता अडत नाही. थँक्यू!

वाचनवेडी_देवरूख

ह्याच आठवड्यात पुढचा लॅपटॉप आला. संत्राभाऊंनी सांगितल्याप्रमाणे आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघितला, ओळ १०ईसी:सी८२१ आली आणि वायफाय लगेच चाललं. हा पण रिअलटेकच ना? मग नेटवर ह्याच्यासाठी एवढे ड्रायव्हर टाकायला का सांगतात?

सातारी_टर्मिनल

हो, ती आरटीएल८८२१सीई. ते लेख जुने आहेत. तिचा ड्रायव्हर आरटीडब्ल्यू८८ मध्ये कर्नल ५.९ पासून, म्हणजे २०२० पासून आहे, त्याआधी बाहेरून आणून कंपाइल करावा लागायचा. आता काहीही टाकू नका, बाहेरचा टाकलात तर आतल्याशी भांडेल.

विदर्भी_विंडोज

मला पण एक विचारायचंय. डोंगल घेतला, लावला तर वायफायऐवजी सीडीची खूण येते डेस्कटॉपवर. एलएसयूएसबीमध्ये ०बीडीए:१ए२बी. खराब निघाला का?

लॅमिंग्टनकर

खराब नाही. तो आधी स्वतःला विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी म्हणून दाखवतो. त्या सीडीवर उजवी टिचकी मारून इजेक्ट करा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच तो वायफाय म्हणून परत उगवतो. नाहीतर यूएसबी-मोडस्विच पॅकेज टाका, मग दर वेळी आपोआप होईल. झालं की एलएसयूएसबी परत करा, आकडा बदललेला असेल, तो खऱ्या चिपचा. तो इथे टाका, ड्रायव्हर आत आहे का बघतो.